झेक देशात शिकायला येणाऱ्यांनी आधी पायवाटा वाचायला शिकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर परदेशी विद्यापीठांविषयी येणारे लेख मी इथे, ब्रनो शहरात बसून, नियमितपणे वाचते. अलीकडे त्यांत झेक प्रजासत्ताकाचे नाव वरचेवर दिसू लागले आहे, याचा मला आनंद होतो. प्रवेशाच्या मुदती, इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांचे शुल्क, झेक भाषेतून शिकणाऱ्याला सरकारी विद्यापीठात शिक्षण शुल्क भरावे लागत नाही ही फार मोठी सोय, व्हिसा, विमा, वसतिगृह ही सगळी माहिती त्या लेखांत असते आणि ती उपयोगाचीही असते. मात्र इथे आल्यावर पहिल्या वर्षभरात जी एक गोष्ट आपल्याला आधीच कुणीतरी सांगायला हवी होती असे मला सतत वाटत राहिले, तिचा उल्लेख मला अजून कुठे आढळलेला नाही. या देशाची आणि इथल्या माणसांची ओळख व्हायची असेल तर रानात चालायला गेले पाहिजे, ही ती गोष्ट होय. ती जरा सविस्तर मांडावी म्हणून हा पत्रप्रपंच.

मी तीन वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात ब्रनोला आले. पहिल्या दोन महिन्यांत मनावर ठसा उमटला तो शांततेचा. इथल्या ट्रामला ब्रनोकर ‘शालिना’ म्हणतात. सकाळी आठच्या शालिनात उभे राहायला जागा नसते, पण पुढच्या थांब्याची घोषणा सोडली तर आवाज म्हणून ऐकू येत नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात शिरताना ‘डोब्री डेन’ म्हणजे शुभ दिवस आणि निघताना ‘ना स्ख्लेदानोउ’ म्हणजे पुन्हा भेटू असे म्हणायचे, एवढीच काय ती देवाणघेवाण. वसतिगृहात परदेशी मुले परदेशी मुलांतच राहतात, आपली मुले आपल्याच मुलांत स्वयंपाक करून जेवतात, आणि झेक मुले शुक्रवारी दुपारी पाठीवर पिशवी टाकून आपापल्या गावी निघून जातात. इथली माणसे तुसडी आहेत, असे मी घरी फोनवर सांगूनही टाकले होते. ते सांगितल्याची आज मला खंत वाटते.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी वर्गातल्या दोघींबरोबर रेल्वेने आदामोवला गेले. ब्रनोच्या उत्तरेला, स्वितावा नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव आहे आणि तिथून मोरावियन कार्स्टच्या चुनखडीच्या टेकड्या सुरू होतात. बीच वृक्षांची पाने तांबूस झाली होती आणि वाटेवर त्यांचा घोटाभर थर पडला होता. पहिल्याच वळणावर समोरून एक वयस्कर जोडपे आले आणि दोघांनीही आमच्या डोळ्यांत बघून ‘डोब्री डेन’ म्हटले. मग एक बाप आणि त्याच्या खांद्यावर बसलेली मुलगी आली, त्यांनीही म्हटले. मग शाळकरी मुलांचा घोळका आला, त्यातल्या प्रत्येकाने वेगवेगळे म्हटले. एका आजोबांनी थांबून आम्ही कुठल्या, काय शिकतो, थंडी सोसते का, इथपासून पुढच्या झऱ्याचे पाणी पिऊ नका इथपर्यंत सगळी विचारपूस केली. ही तीच माणसे होती जी शालिनात खिडकीबाहेर बघत बसतात. झेक माणूस शहरात दुसऱ्याचा एकांत जपतो आणि रानात स्वतःचा दरवाजा उघडा ठेवतो, हे माझ्या लक्षात त्या दिवशी आले आणि गेल्या तीन वर्षांत त्याला अपवाद फार थोडे सापडले.

आता थोडे त्या वाटांविषयी, कारण त्या वाटा हाच इथला मोठा ठेवा आहे असे माझे ठाम मत आहे. या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आहे, आणि पायी चालणाऱ्यांसाठी खुणा रंगवलेल्या वाटांची लांबी चाळीस हजार किलोमीटरांहून अधिक आहे. खूण म्हणजे झाडाच्या खोडावर, खांबावर किंवा खडकावर रंगवलेला दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. वर आणि खाली पांढरा पट्टा, मध्ये लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा पट्टा. वाट वळते तिथे त्याच रंगांचा बाण असतो आणि वाटा मिळतात तिथे पाट्यांचा खांब असतो, त्यावर पुढची ठिकाणे आणि किलोमीटर लिहिलेले असतात. लाल रंग लांब पल्ल्याच्या आणि डोंगरधारेवरच्या मुख्य वाटांसाठी, निळा त्याखालोखाल महत्त्वाच्या वाटांसाठी, हिरवा स्थानिक वाटांसाठी आणि पिवळा दोन वाटा जोडणाऱ्या छोट्या वाटांसाठी, अशी साधारण पद्धत आहे. रंगाचा आणि चढाच्या अवघडपणाचा संबंध नाही. हे मला ठाऊक नव्हते. लाल म्हणजे अवघड, पिवळी म्हणजे सोपी, असे मनाशी धरून मी एका डिसेंबरात एकटीच पिवळ्या खुणांमागून गेले आणि बर्फ गोठलेल्या एका घसरणीवरून, झाडांची मुळे धरत, बसल्या बसल्या नदीपर्यंत उतरले. खरचटण्यावर निभावले. पण परदेशी मुलांची हीच चूक वारंवार होताना मी पाहते, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिते.

या खुणा सरकारने रंगवलेल्या नाहीत. ‘क्लुब चेस्कीख तुरिस्तू’, म्हणजे झेक पदभ्रमण करणाऱ्यांची संघटना, १८८८ मध्ये प्रागमध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष वोयता नाप्र्स्तेक. आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या संस्कृतींचे जे संग्रहालय प्रागमध्ये आहे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, या संघटनेने प्रागच्या दक्षिणेला व्ल्तावा नदीकाठी श्त्येखोवित्से गावापासून पहिली वाट रंगवली. नदीचा जो खळाळ पाहण्यासाठी ती वाट होती तो आज धरणाच्या पाण्याखाली गेला आहे, पण रंगवण्याचे काम मात्र राजवटी बदलल्या, दोन महायुद्धे झाली, देशाची नावे बदलली तरी चालू राहिले. आजही ते काम स्वयंसेवकच करतात.

अशा दोघांना मी व्हिसोचिनाच्या पठारावर काम करताना पाहिले. दोघेही सत्तरीच्या पुढचे होते. एकाने तारेच्या ब्रशने खोडावरची सुटी साल आणि शेवाळ घासून काढले, झाडाला इजा होणार नाही इतक्या बेताने. दुसऱ्याने कमरेला लटकवलेल्या डब्यातून पांढरा रंग घेतला, पत्र्याचा साचा खोडावर दाबला आणि दोन पट्टे ओढले. मग ते पंधरा पावले मागे गेले, पाठ फिरवून पुन्हा वळले आणि वाटेने येणाऱ्याला खूण दिसेल की नाही ते पाहिले. तेच उलट दिशेने. एका बाजूने फांदी आड येत होती ती त्यांनी छाटली. मग मधला निळा पट्टा. एका खुणेला पंधरा-वीस मिनिटे गेली. काही वर्षांनी रंग उडतो, तेव्हा हेच पुन्हा करायचे. याचे काय मिळते, असे मी माझ्या मोडक्यातोडक्या झेकमध्ये विचारले, तर प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च मिळतो, असे उत्तर आले. तेवढ्यात दुसऱ्याने माझ्या हातात साचा दिला आणि पुढच्या झाडावर धरायला सांगितले. तो साचा मी सरळ धरावा म्हणून त्यांना तीन वेळा दुरुस्त्या सांगाव्या लागल्या. त्यानंतर कुठलीही खूण दिसली की ती कुणीतरी पंधरा पावले मागे जाऊन तपासलेली आहे, हे माझ्या मनात येतेच.

वाटा लोकांनी राखल्या आहेत, तसे जंगलही कायद्याने लोकांसाठी खुले ठेवले आहे. या देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग वनाखाली आहे. १९९५ च्या वन कायद्यानुसार कुणालाही जंगलात स्वतःच्या जबाबदारीवर जाता येते, स्वतःपुरती रानफळे आणि जमिनीवर पडलेल्या सुक्या काटक्या गोळा करता येतात, आणि हा हक्क खाजगी मालकीच्या जंगलातही आहे. जायचे नाही ते कुंपण घातलेल्या रोपवाटिकांत आणि झाडतोड चालू असेल तिथे. धूम्रपान करायचे नाही, ठरवून दिलेल्या जागेखेरीज आग पेटवायची नाही. परदेशी नागरिक म्हणून आपल्याला इथे प्रत्येक गोष्टीसाठी कागद दाखवावा लागतो. आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत परदेशी नागरिकांच्या पोलीस खात्यात नोंद, मग निवास परवाना, त्याचे नूतनीकरण, हे चालूच राहते. जंगलाच्या कडेला मात्र आपल्याला कुणी काही विचारत नाही. टोपली घेऊन आत गेलेल्या झेक माणसाचा जो हक्क तोच आपला. परक्या देशात असा हक्क मिळणे काय असते, ते ज्यांनी रांगेत उभे राहून दिवस काढले आहेत त्यांना अधिक समजेल.

टोपलीवरून अळंबीचा विषय निघणारच. दुसऱ्या वर्षी मी वसतिगृह सोडून एका झेक कुटुंबाच्या घरात खोली घेतली. घरमालकीणबाईंच्या आई व्हिसोचिनात एका खेड्यात राहतात. त्यांना सगळे ‘बाबिच्का’, म्हणजे आजी, म्हणतात. ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस पाऊस पडून ऊन पडले आणि बाबिच्कांचा फोन आला की वाढताहेत. काय वाढताहेत ते सांगण्याची गरज कुणालाही वाटली नाही. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो, प्रत्येकाकडे वेताची टोपली आणि छोटी सुरी. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते आणि नासते, म्हणून टोपली. बाबिच्का चालत नव्हत्या, थांबत होत्या. दोन पावले, मग नजर, मग दोन पावले. मला तासभर शेवाळ आणि झाडांची गळलेली सुईसारखी पाने यांखेरीज काही दिसले नाही. मग त्यांनी मला गुडघ्यावर बसवले आणि जमिनीच्या पातळीवरून बघायला सांगितले, आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळाशी पावाच्या लाद्यांसारख्या तपकिरी टोप्या एकदम दिसू लागल्या. टोपीच्या खाली पापुद्रे नाहीत, स्पंजासारखी बारीक छिद्रे आहेत, हे त्यांनी मला बोट फिरवून दाखवले. मग देठ अलगद पिळून उपटला, तळाची माती सुरीने खरवडली, कीड नाही ना ते कापून पाहिले आणि उरलेला खड्डा शेवाळाने झाकून वर हात थोपटला.

हिरवट टोपीची, पांढऱ्या पापुद्र्यांची, देठाला कडे आणि तळाशी पिशवी असलेली एक अळंबीही त्यांनी दाखवली आणि मला ती चांगली दहा मिनिटे बघायला लावली. तिचे विष यकृत निकामी करते, आणि खाल्ल्यावर कित्येक तास काहीही जाणवत नाही, म्हणूनच ती अधिक घातक आहे. खात्री नसेल ती अळंबी उचलायचीच नाही, हा त्यांचा नियम. माझी आपल्या विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे की मोबाइलवरचे छायाचित्र जुळवून अळंबी कधीही खाऊ नका. जाणत्या माणसाबरोबर जा. शंका आली तर इथल्या कवकशास्त्र मंडळाची, जे १९२१ पासून काम करत आहे, सल्ला केंद्रे आहेत, तिथे आणलेली अळंबी ओळखून देतात.

त्या दिवशीच्या अळंबीचे काप आम्ही वर्तमानपत्रांवर पसरून माळ्यावर वाळवले. आठवडाभर त्या घराला मातीचा आणि बदामाचा मिळून असावा तसा वास येत होता. डिसेंबरमध्ये २४ तारखेला, ज्याला इथे ‘श्त्येद्री देन’ म्हणजे उदार दिवस म्हणतात, तीच वाळलेली अळंबी भिजवून, सोललेले जव, लसूण आणि मार्जोरम नावाची सुगंधी वनस्पती घालून भट्टीत भाजली. या पदार्थाचे नाव ‘कुबा’. त्यात चरबी घालायची रीत आहे, पण मी मांसाहार करत नाही म्हणून बाबिच्कांनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात लोणी घालून केला. बाकीच्यांच्या ताटात बटाट्याची कोशिंबीर आणि तळलेला कार्प मासा होता. नाताळच्या आधीचे काही दिवस हा मासा चौकाचौकांत पाण्याच्या टाक्यांत जिवंत विकायला ठेवतात. तो बहुतांशी दक्षिण बोहेमियातल्या त्र्झेबोन्य भागातल्या तळ्यांतून येतो, आणि त्यांतले सर्वांत मोठे, रोझ्म्बेर्क, याकुब क्र्चिन यांनी १५८४ ते १५९० या काळात बांधले. चारशेहून अधिक वर्षे तेच तळे त्याच कामासाठी वापरात आहे. माशाचा एक वाळलेला खवला बाबिच्कांनी माझ्या पैशांच्या पाकिटात ठेवला, वर्षभर पैसा टिकतो म्हणून. तो अजून तिथेच आहे.

त्याच रात्री जेवणानंतर त्यांनी मला त्यांच्याशी ‘ति’ने बोलायला सांगितले. मराठी वाचकाला याचे महत्त्व वेगळे समजवायला नको. झेकमध्ये ‘ति’ म्हणजे तू आणि ‘वि’ म्हणजे तुम्ही. अनोळखी, वडीलधाऱ्या किंवा कामापुरत्या माणसाशी ‘वि’च वापरतात, आणि त्यावरून ‘ति’वर यायचे तर वयाने मोठ्या व्यक्तीने तसे सुचवावे लागते. धाकट्याने आपणहून अरेतुरे करणे असभ्य समजतात. मी त्यांना नावाने किंवा ‘तू’ म्हणून हाक मारायला धजावत नव्हते, तर त्या म्हणाल्या की जंगलात माझ्यामागून गुडघ्यावर रांगलीस, आता कसली ‘वि’. आजीला ‘अगं’ म्हणायची सवय असलेल्या माझ्यासारखीला सव्वा वर्षाने घरात आल्यासारखे वाटले.

भाषेविषयी इथे दोन शब्द अधिक लिहिते, कारण झेक ही जगातली अवघड भाषा आहे असे सांगून आपल्या मुलांना आधीच घाबरवले जाते. अवघड ती आहेच. ‘र’ आणि ‘झ’ एका दमात उच्चारायचा जो वर्ण आहे तो मला अजून जमत नाही. पण सात विभक्ती आहेत म्हणून इंग्रजी बोलणारा जितका गोंधळतो तितके आपण गोंधळण्याचे कारण नाही, विभक्तींचे तक्ते आपण शाळेत पाठ केलेले असतात. संबोधनाची विभक्तीही आहे. माझ्या नावाच्या शेवटचा ‘आ’ हाक मारताना ‘ओ’ होतो, बाबिच्काची ‘बाबिच्को’ होते. शिवाय शब्द ओळखीचे निघतात. ‘नेबे’ म्हणजे आकाश, आपले नभ. ‘त्मा’ म्हणजे काळोख, आपला तम. ‘देन’ म्हणजे दिन, ‘मासो’ म्हणजे मांस, ‘व्दोवा’ म्हणजे विधवा. एका शब्दाची मात्र गंमत लक्षात ठेवावी. ‘अहोय’ हा इथला सलगीचा नमस्कार आहे. खलाशांचा हा शब्द नद्यांत होड्या वल्हवणाऱ्यांत आणि रानोमाळ भटकणाऱ्यांत रुळला आणि आता सगळीकडे चालतो, पण मित्रांत. आपल्या ‘अहो’चा आदर त्यात नाही, प्राध्यापकांना तो म्हणू नये.

रानाबाहेरच्या लोकसंस्कृतीतही पायी जाणाऱ्यालाच शिरकाव मिळतो, असा माझा अनुभव आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आग्नेय मोरावियातल्या व्ल्च्नोव गावी ‘राजांची स्वारी’ निघते. युनेस्कोने २०११ मध्ये तिची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. कागदी फुलांनी आणि रंगीत फितींनी मढवलेले घोडे, त्यांवर तरुण स्वार, आणि मध्यभागी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा, स्त्रीचा सणाचा वेष नेसलेला, दातांत गुलाबाचे फूल धरलेला. तोच राजा. मिरवणूक संपेपर्यंत त्याने एक शब्दही बोलायचा नाही. पराभवानंतर हंगेरीचा राजा मात्यास स्त्रीवेषात निसटला, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. स्वार दारादारांतून यमके जुळवून ओरडतात, बघ्यांची थट्टा करतात आणि राजासाठी दान मागतात. बस गावाच्या बरीच अलीकडे थांबली होती म्हणून मी शेतांतून चालत गेले, तर एका अंगणात घोड्याच्या आयाळीत फिती गुंफत बसलेल्या बायकांनी मला बोलावून फितींचे एक टोक धरायला दिले. कडक उन्हात तो मुलगा ओठ न हलवता घोड्यावर ताठ बसला होता आणि त्याची आई शेजारून चालत होती, तिची नजर त्याच्यावरून क्षणभरही हलत नव्हती. ते दृश्य आठवले की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

विद्यार्थ्यांनी आणखी एक दिवस चुकवू नये, तो १७ नोव्हेंबर. १९३९ मध्ये याच तारखेला नाझी सत्तेने झेक विद्यापीठे बंद केली, नऊ जणांना ठार मारले आणि बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत धाडले. त्याच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, १९८९ मध्ये, प्रागचे विद्यार्थी मिरवणुकीने चालत निघाले, नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी त्यांना मारहाण केली आणि तिथून सुरू झालेल्या आंदोलनात साम्यवादी राजवट गेली. आता त्या जागी लोक रांगेने येऊन मेणबत्त्या ठेवतात. मी ठेवली तेव्हा माझ्या शेजारी एक बाई आपल्या नातवाला, त्या रात्री मी इथेच होते, असे हळू आवाजात सांगत होत्या.

या निसर्गाचे सगळेच चित्र सुखद आहे असे मी म्हणणार नाही, आणि ते आपल्या मुलांनी डोळे उघडे ठेवून पाहावे असे मला वाटते. गेली दोनशे वर्षे लाकडासाठी इथे सखल भागांतही एकट्या स्प्रूसची लागवड झाली. २०१५ पासून लागोपाठ दुष्काळी वर्षे आली, झाडे अशक्त झाली आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने डोंगरच्या डोंगर वाळवले. बाबिच्कांनी चाळीस वर्षे ज्या उतारावर अळंबी वेचली तिथे आज खुंट आहेत आणि कुंपणाच्या आत बीच, ओक, मेपल यांची हातभर रोपे आहेत. त्या रोपांना जंगल व्हायला किती वर्षे लागतील असे मी विचारले, तर त्यांनी नातवाकडे बोट दाखवले. एकजिनसी लागवड आणि नैसर्गिक जंगल यांतला फरक पाहायचा तर शुमावा डोंगरांतल्या बोउबिनला जावे. १८५८ पासून राखलेले हे अरण्य कुंपणाबाहेरच्या वाटेवरूनच पाहता येते. पडलेली झाडे तिथे उचलत नाहीत, त्यांच्या कुजणाऱ्या खोडांवरच नवी झाडे ओळीने उगवतात. जुलै २०२२ मध्ये बोहेमियन स्वित्झर्लंड राष्ट्रीय उद्यानात लागलेल्या आगीत हजार हेक्टरांहून अधिक जंगल होरपळले. तिथली प्राव्चित्स्का ब्राना ही वाळूच्या दगडाची कमान, साडेसव्वीस मीटर रुंदीची, युरोपात तिच्या प्रकारातली सर्वांत मोठी, सुदैवाने शाबूत आहे. अशा ठिकाणी खुणांची वाट सोडून छायाचित्रासाठी आत शिरणारे परदेशी विद्यार्थी मी पाहिले आहेत, त्यांत आपलेही होते, आणि मला त्याची लाज वाटली.

एक तक्रारही नोंदवते. आम्हा नव्या विद्यार्थ्यांसाठी जे माहितीसत्र झाले त्यात बँक खाते, सिमकार्ड आणि विमा यांवर अर्धा दिवस खर्च झाला, गोचिडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. इथल्या गवतातल्या गोचिडीमुळे लाइम रोग आणि मेंदूज्वर असे दोन आजार होतात. माझ्या गुडघ्याच्या मागे चिकटलेली गोचीड दोन दिवस माझ्या लक्षात आली नाही. तीन आठवड्यांनी तिथे लाल वर्तुळ पसरले, प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम घ्यावा लागला आणि एक परीक्षा पुढे ढकलावी लागली. लाइमवर वेळेत औषध घेतले तर गुण येतो. मेंदूज्वरावर नेमके औषध नाही, पण लस आहे. ती तीन टप्प्यांत घेतात आणि पहिले दोन टप्पे हिवाळ्यात घेतले तर वसंतात फिरायला मोकळीक मिळते. चालून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू आणि केसांची मुळे तपासायची, सापडली तर चिमट्याने लगेच काढायची, हे झेक घरांत लहान मुलांनाही माहीत असते.

संपादक महोदय, यंदाच्या सप्टेंबरात आपली बरीच मुले-मुली इथे दाखल होतील. प्रवेशाच्या लेखांबरोबर या गोष्टींनाही आपण थोडी जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. सामानात घोट्यापर्यंत येणारे पक्के बूट आणावेत. विद्यार्थी ओळखपत्र हाती येताच रेल्वे आणि बसच्या सवलतीची चौकशी करावी, कारण २६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना तिकिटात निम्मी सूट मिळते आणि कमी कोरुनांत, म्हणजे इथल्या चलनात, देश पालथा घालता येतो. पदभ्रमण संघटनेचा पन्नास हजारास एक या प्रमाणाचा कागदी नकाशा घ्यावा, रानात मोबाइलची बॅटरी थंडीने उतरते. भाषेचा वर्ग पहिल्याच सत्रात लावावा, पुढच्या वर्षी लावू म्हणणाऱ्यांचा तो लागत नाही. प्राग जरूर पाहावे, पण पहिला रविवार आपल्या शहराच्या सीमेवरून निघणाऱ्या जवळच्या खुणेमागून जाण्यात घालवावा आणि भेटेल त्याला आधी आपण ‘डोब्री डेन’ म्हणावे. ब्रनोला येणाऱ्यांसाठी मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मुख्य रेल्वे स्थानकावरून आदामोवकडे निघते. ऑक्टोबरपासून ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांचे स्वागत आहे, टोपली माझ्याकडे जादाची आहे.

आपली विश्वासू,
एक मराठी विद्यार्थिनी,
ब्रनो, झेक प्रजासत्ताक